मूल एकदा बोलल्यानंतर : माध्यमिक शाळांनी या चुका टाळाव्यात

नाशिकमध्ये आठवी ते दहावीच्या वर्गांचा वर्गशिक्षक म्हणून अनेक वर्षे काम केल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. मुलांच्या मनःस्वास्थ्यासाठी शाळेने किती व्याख्याने ठेवली, याकडे मुलांचे फारसे लक्ष नसते. पण आपल्याआधी ज्याने सरांना किंवा बाईंना काही सांगितले त्याचे पुढे काय झाले, हे वर्गातील प्रत्येक मूल बारकाईने पाहत असते. खालील चुकांपैकी बहुतेक चुका मुलाने तोंड उघडल्यानंतरच्या काही तासांत किंवा दिवसांत होतात, आणि त्यांपैकी काही मी स्वतः केलेल्या आहेत.

गुप्ततेचे वचन देऊन बसणे

मधल्या सुट्टीत एखादी मुलगी जवळ येते आणि "सर, एक सांगू का? पण घरी सांगू नका," असे म्हणते. अशा वेळी "नाही सांगणार" हे शब्द आपल्या तोंडून सहज निघतात, कारण तिने बोलावे असे आपल्याला मनापासून वाटत असते. मात्र हे वचन पुष्कळदा मोडावे लागते. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा पॉक्सो कायदा, २०१२ याच्या कलम १९ नुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळते, किंवा तो होण्याची भीती ज्याला वाटते, अशा प्रत्येक व्यक्तीने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार शिक्षा आहे आणि संस्थाप्रमुखासाठी ती अधिक कडक आहे. त्यामुळे "आधी आपण शाळेच्या पातळीवर चौकशी करू, खरे निघाले तर पाहू" ही भूमिका कायद्याला मान्य नाही आणि मुलीच्या हिताचीही नाही.

मी आता सुरुवातीलाच सांगतो : "तू सांगशील ते वर्गात किंवा स्टाफरूममध्ये जाणार नाही. पण तुला धोका आहे असे मला वाटले, तर एकदोन मोठ्या माणसांना सांगावेच लागेल, आणि कोणाला सांगणार ते मी आधी तुला सांगेन." हे ऐकून काही मुले त्या दिवशी गप्प राहतात, परंतु दोनतीन दिवसांनी बहुधा पुन्हा येतात, आणि तेव्हा त्यांना आपल्यावर कितपत भरवसा ठेवायचा हे नेमके ठाऊक असते.

याला जोडूनच आणखी एक चूक होते. मुलाने वर्गशिक्षकाला सांगितलेली हकिकत पर्यवेक्षक पुन्हा विचारतात आणि मग मुख्याध्यापक तिसऱ्यांदा विचारतात. प्रत्येक वेळी मूल थोडे आक्रसते, आणि आपल्यावर संशय घेतला जात आहे असे त्याला वाटू लागते. पहिल्याच वेळी त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवावेत. "त्याने हात धरला होता ना?" यांसारखे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत, "मग काय झाले?" एवढे पुरते.

"पालकांना घेऊन ये"

सातपूर परिसरातला नववीतला एक मुलगा पहिल्याच तासाला बाकावर डोके ठेवून झोपत असे. मी दोनदा रागावलो आणि तिसऱ्यांदा पालकांना बोलावण्याची चिठ्ठी त्याच्याच हाती दिली. त्यानंतर चार दिवस तो शाळेत आला नाही. वडील अंबडच्या एका कारखान्यात रात्रपाळीला होते, आई धुणीभांडी करत होती, आणि लग्नसराईत हा मुलगा रात्री उशिरापर्यंत वाढपी म्हणून जात होता. चिठ्ठीचा अर्थ घरात एकच लागला : मुलाने काहीतरी गुन्हा केला आहे. झोप का होत नाही, हे मी त्याला एकट्याला बाजूला घेऊन एकदाही विचारले नव्हते, याची खंत मला आजही वाटते.

पालकांशी पहिला संपर्क तक्रारीसाठी होऊ नये. जून-जुलैमध्येच प्रत्येक घरी एक फोन करावा, पालकांच्या कामाची पाळी आणि साप्ताहिक सुट्टीचा वार विचारून ठेवावा, आणि मुलाची एखादी चांगली गोष्ट आवर्जून सांगावी. "पालक येतच नाहीत" अशी तक्रार करणाऱ्या शाळांनी आपण त्यांना कोणत्या वेळी बोलावतो हे एकदा तपासावे, कारण सकाळी ११ ला शाळेत येण्यासाठी रोजंदारीवरच्या माणसाला त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते.

गैरहजेरीला केवळ बेशिस्त मानणे

दिंडोरी आणि निफाडच्या पट्ट्यात द्राक्षकाढणीचा जोर फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो आणि दहावीची परीक्षाही त्याच सुमारास येते. पेठ-सुरगाण्याकडून मजुरीसाठी बागांवर उतरणाऱ्या कुटुंबांतील मुलांची हजेरी या काळात का तुटते, हे हजेरीपटावर दिसत नाही. ते विचारावेच लागते. नववी-दहावीतील मुलगी अचानक यायची थांबली आणि घरून गोलमोल उत्तरे मिळाली, तर तिचे लग्न ठरले असण्याची शक्यता लक्षात घ्यावी आणि १०९८ या बालक मदत क्रमांकावर तातडीने कळवावे.

रिकामी तक्रारपेटी

पेटी रिकामी निघते याचा अर्थ तक्रारी नाहीत असा होत नाही. ती मुख्याध्यापकांच्या दालनासमोर टांगलेली असेल, तर चिठ्ठी टाकताना आपल्याला कोण पाहते याचीच मुलांना धास्ती असते. ती ग्रंथालयाजवळ किंवा जिन्याच्या वळणावर हलवावी, ठरलेल्या वारी दोघांनी मिळून उघडावी, आणि आलेल्या तक्रारीवर काय केले हे कोणाचीही ओळख उघड न करता परिपाठात सांगावे. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळेतील मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी स्थापन करावयाच्या सखी सावित्री समितीबाबतही हेच म्हणावे लागेल : सदस्यांची नावे फलकावर लिहिलेली असतात, पण त्यांपैकी कोण आपल्याला कुठे भेटेल हे मुलींना माहीत नसते.

"तुला समुपदेशकांकडे पाठवतो" असे वर्गासमोर म्हणणेही कायमचे बंद करावे, कारण त्यानंतर त्या खोलीकडे जाणारे प्रत्येक मूल शिक्षा भोगायला निघाल्यासारखे दिसते.

थेट प्रश्न टाळणे

"जगावेसे वाटत नाही" असे मुलाच्या वहीत किंवा बोलण्यात आले, की अनेक शिक्षक विषय बदलतात, कारण विचारल्याने तो विचार बळावेल अशी त्यांना भीती वाटते. ही भीती निराधार आहे. शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत विचारावे : "जीव द्यावा असे तुझ्या मनात येते का?" उत्तर होय असेल, तर उपदेश करू नये, आईवडिलांच्या कष्टांची आठवण करून देऊ नये, त्याला क्षणभरही एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी पालकांना बोलावून मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचवावे. घरातूनच धोका असल्याची शंका असेल, तर पालकांआधी १०९८ ला कळवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. दहावीच्या निकालाआधी तो प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती असावा.

एकदा बोलून विसरून जाणे

पुढच्या आठवड्यात आपण काहीच विचारले नाही, तर मूल समजते की विषय संपला. मी एका वहीत फक्त आद्याक्षरे आणि पुढची तारीख लिहितो, ती वही कुलपात ठेवतो आणि दर सोमवारी परिपाठाआधी उघडतो. जूनमध्ये मुले नव्या वर्गशिक्षकांकडे जातात तेव्हा ही साखळी हमखास तुटते. म्हणून एप्रिलमध्येच त्या त्या मुलाला विचारतो, "नव्या बाईंना यातले किती सांगू?" आणि तो म्हणेल तेवढेच पुढे सांगतो, सुरक्षिततेपुरते अधिक सांगणे भाग असेल, तर तसे त्याला आधी सांगून मगच.