डेस्कटॉप ॲपसाठी यूआय फ्रेमवर्क निवडताना ग्राफिक्स ड्रायव्हरची पारख कशी करावी

यूआय फ्रेमवर्क म्हणजे ॲपच्या खिडक्या, बटणे वगैरे उभारण्याचा तयार साचा. त्याच्या निवडीत भाषा, परवाना आणि देखणेपणा यांवर भरपूर चर्चा होते. पण स्क्रीनवरचे चित्र सीपीयू (मुख्य प्रोसेसर) काढणार की जीपीयू (ग्राफिक्स कार्डावरचा प्रोसेसर), हा प्रश्न बहुधा "ॲप चालू होते, पण आत सगळे काळे दिसते" अशी पहिली तक्रार आल्यावरच निघतो. तो सुरुवातीलाच विचारावा.

क्यूटी या फ्रेमवर्कच्या 'विजेट्स' भागातील नेहमीचे चित्रण सीपीयूवर होते, त्यामुळे सदोष ड्रायव्हरचा (ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) त्याला फारसा उपद्रव होत नाही. त्याच क्यूटीमधील क्यूटी क्विक मात्र जीपीयूवर विसंबते: क्यूटी ६ मध्ये ते विंडोजवर डायरेक्टथ्रीडी ११, मॅकवर मेटल आणि लिनक्सवर ओपनजीएल हे जीपीयूशी बोलण्याचे इंटरफेस वापरते. वेब तंत्रज्ञानाने डेस्कटॉप ॲप बनवणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या पोटातील क्रोमियम हे ब्राउझर इंजिन सदोष ड्रायव्हरांची यादी बाळगते आणि त्यानुसार जीपीयूच्या सुविधा बंद करते. इलेक्ट्रॉनच्या जडपणाला नावे ठेवताना ही जमेची बाजू विसरू नये.

यानंतर जीपीयू बंद करण्याची सोय पाहावी. इलेक्ट्रॉनमध्ये त्यासाठीचे फंक्शन ॲप 'रेडी' होण्यापूर्वीच बोलवावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफ या फ्रेमवर्कमध्ये संपूर्ण प्रोसेससाठी 'सॉफ्टवेअर ओन्ली' (चित्रण फक्त सीपीयूवर) हा रेंडर मोड निवडता येतो. क्यूटी क्विकलाही सीपीयूवर चित्र काढणारा सॉफ्टवेअर बॅकएंड आहे, पण त्यात शेडर (जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्राम) वापरणारे इफेक्ट चालत नाहीत. हा पर्याय केवळ सेटिंग्जच्या पानावर ठेवून उपयोग नाही, कारण ज्याला काहीच दिसत नाही तो ते पान उघडणार कसे? म्हणून कमांड लाइनवर एक पर्याय आणि स्टार्ट मेनूत 'सुरक्षित मोड' असा वेगळा शॉर्टकट द्यावा. शिवाय ॲप सुरू होताना डिस्कवर एक खूणफाइल लिहावी आणि पहिली फ्रेम (स्क्रीनवरचे पहिले चित्र) उमटल्यावर ती पुसावी. पुढच्या वेळी ती शिल्लक आढळली, तर थेट सॉफ्टवेअर मोडमध्ये सुरुवात करावी. ॲप कोसळत असेल तर ही युक्ती लागू पडते. पण नुसतीच काळी स्क्रीन येत असेल तर खूण पुसली जाते, म्हणून शॉर्टकट हवाच.

चाचणीसाठी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्ड डिसेबल करावे. उरणाऱ्या बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर या विंडोजच्या पर्यायी ड्रायव्हरवर फक्त ओपनजीएल १.१ मिळते, आणि थेट ओपनजीएलवर उभ्या असलेल्या आधुनिक फ्रेमवर्कचे पितळ तिथेच उघडे पडते. जीपीयूने मूळ सेटिंगनुसार २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज ड्रायव्हर रीसेट करते. 'ग्राफिक्स टूल्स' या ऐच्छिक घटकातील डीएक्सकॅप या कमांड लाइन साधनाने हा प्रसंग मुद्दाम घडवता येतो. त्यानंतर फ्रेमवर्क आपले टेक्स्चर (जीपीयूच्या स्मृतीत ठेवलेल्या प्रतिमा) स्वतःहून पुन्हा तयार करते की विंडो गोठते, हे पाहावे. रिमोट डेस्कटॉपवरही एकदा चालवून घ्यावे.

बिलिंग किंवा हिशेबाचे ॲप जुन्या संगणकांवर चालणार असेल, तर माझे मत निःसंकोच क्यूटी विजेट्सला आहे. सरकते नकाशे किंवा त्रिमितीय आराखडे दाखवायचे असतील तर जीपीयू टाळता येणार नाही. अशा वेळी ॲप सुरू होताच कार्डाचे नाव आणि ड्रायव्हरची आवृत्ती लॉगमध्ये नोंदवावी.