एकाच कानाने कमी ऐकू येऊ लागल्यास: कवटीच्या हाडातील गाठीची शक्यता कशी तपासून घ्यावी

ऐकण्याची तीन इवलीशी हाडे, त्यांच्या आतल्या बाजूचा कर्णशंख (आवाज टिपून नसेकडे पाठवणारा शंखाच्या आकाराचा भाग) आणि चेहरा हलवणारी नस हे सारे कानशिलाच्या एकाच हाडात दाटीवाटीने बसलेले असते, त्यामुळे तिथे वाढणारी लहानशी गाठही ऐकू येण्याच्या आड येते. अशा गाठी अगदी विरळा असतात आणि बहुतेकदा कारण मळ, संसर्ग किंवा वय हेच निघते. तरीही बहिरेपणा एकाच बाजूला असेल, तर कारण सापडेपर्यंत तपास सोडू नये.

फोन आळीपाळीने दोन्ही कानांना लावून फरक जाणवतो का, ते पाहावे. कानात धडधड ऐकू येत असेल तर त्याच वेळी मनगटाची नाडी धरावी. धडधड नाडीच्या ठोक्यांशी जुळली, तर ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी, कारण रक्तवाहिन्यांनी भरलेल्या ग्लोमस गाठीचे ते ठळक लक्षण आहे. कानातून रक्तमिश्रित स्राव येणे, तोंड एका बाजूला ओढले जाणे, डोळा पूर्ण न मिटणे, आवाज घोगरा होणे किंवा गिळताना ठसका लागणे यांपैकी काहीही दिसल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे लगेच जावे. ऐकू येणे एक-दोन दिवसांत अचानक कमी झाले असेल, तर गाठीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखवावे, कारण त्यावरील औषधे लवकर सुरू करावी लागतात.

तपासणीत डॉक्टर 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (ठोकल्यावर ठरावीक सुरात कंप पावणारा धातूचा दुपाखी काटा) कपाळाच्या मध्यावर टेकवतात. आवाज दुखावलेल्या कानात मोठा वाटला तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो, आणि चांगल्या कानात मोठा वाटला तर दोष कर्णशंखात किंवा नसेत असतो. त्यानंतर ऑडिओमेट्री, म्हणजे प्रत्येक कानाला किती ऐकू येते हे मोजणारी चाचणी करतात. हाड कितपत झिजले किंवा जाड झाले आहे हे सीटी स्कॅनमध्ये दिसते, तर नस आणि मऊ भाग पाहण्यासाठी गॅडोलिनियम (चित्र अधिक स्पष्ट करणारे, शिरेतून दिले जाणारे द्रव्य) देऊन एमआरआय काढतात. कानाच्या पडद्यामागे लालसर गाठ दिसत असेल, तर स्कॅन होण्यापूर्वी तिचा तुकडा काढू देऊ नये, कारण ग्लोमस गाठीतून जोरात रक्तस्राव होऊ शकतो.

गाठ सापडली म्हणजे कर्करोगच, असे नाही. कर्णनलिकेतील ऑस्टिओमा, म्हणजे हाडाचीच गाठ, साधा असतो आणि नलिका बंद करत नसेल तर त्यावर नुसते लक्ष ठेवले तरी चालते. शस्त्रक्रिया सुचवली असेल, तर ऐकू येणे कितपत परत येईल आणि चेहऱ्याच्या नसेला धोका किती, हे दोन्ही प्रश्न स्पष्ट विचारावेत. प्रत्येक ऑडिओग्राम (ऑडिओमेट्रीचा आलेख) आणि स्कॅनची सीडी तारीख घालून जपून ठेवावी, कारण गाठ वाढते आहे की स्थिर आहे, हे जुन्या चित्रांशी ताडून पाहूनच ठरते.