दोन हंगामांत दिसते ती हवा, हवामान नाही

डोंगरातल्या गाणाऱ्या पक्ष्यांवर काम करायचंय, असं कुणी नवीन येऊन सांगतं तेव्हा पुढचं वाक्य ठरलेलं असतं: 'हवामानबदलाचा परिणाम अभ्यासायचाय.' मीही हेच म्हणत आले होते. मग बसून हिशेब मांडला. पीएचडीची वर्षं चार-पाच, त्यात हाती लागणारे विणीचे हंगाम दोन, फार तर तीन. झाडं जिथे संपतात त्या वृक्षरेषेच्या वर हंगाम असतो तरी केवढा? बर्फ सरकल्यापासून जेमतेम दोन-अडीच महिने. एवढ्यात हवामान बदललेलं दिसत नाही. गेल्या वर्षी बर्फ लवकर गेला, यंदा उशिरा, एवढंच दिसतं.

म्हणून प्रश्न आपल्या मापाचा बेतून घ्या. 'पिल्लं अंड्यातून निघाल्यावर तीन दिवस गारठा पडला तर किती तगतात?' याचं उत्तर दोन हंगामांतही बरंचसं हाती लागतं. दुसरी वाट म्हणजे काळाऐवजी उतार वापरायचा. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे एकाच डोंगरावर अनेक हवामानं थराथराने मिळतात. पण वर जाताना वारा, झाडोरा, किडे, अंडी पळवणारे शत्रू हे सगळंच बदलतं. फरक पडला की तो तापमानामुळेच, असं म्हणायची घाई करू नका.

तिसरी वाट जुन्या नोंदींची, आणि मला विचाराल तर सगळ्यांत भरवशाची. पेरूतल्या सेरो दे पांतियाकोया या डोंगरधारेवर १९८५ मध्ये पक्ष्यांची पाहणी झाली होती, ती २०१७ मध्ये पुन्हा केली गेली. पक्षी एकूणात वर सरकले होते आणि अगदी माथ्यालगत राहणारे काही तर सापडलेच नाहीत. त्यांना आणखी वर जायला डोंगरच उरला नव्हता. हे कळलं ते आधीच्यांनी कुठे, किती उंचीवर, कसं पाहिलं हे नीट लिहून ठेवलं म्हणून. तुम्हीही वहीत फक्त पक्षी लिहू नका. किती वाजता, किती वेळ, किती जाळ्या लावून, तेही लिहा. आणि पेन्सिलीनेच लिहा. शाईचं पावसात काय होतं ते मी एका हंगामाची पानं घालवून शिकले.

आता घरटी. इथे माझी मोठी चूक झाली. पहिल्या हंगामात ३१ घरटी सापडली, त्यातल्या १९ मधून पिल्लं उडून गेली. मी ऐटीत ६१ टक्के यश लिहून टाकलं. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, 'ही घरटी तुला कितव्या दिवशी सापडली?' बरीचशी उबवण निम्मी झाल्यावर सापडलेली. म्हणजे जी पहिल्याच आठवड्यात मुंगसासारख्या एखाद्या चोराच्या तोंडी गेली, ती माझ्या वहीत आलीच नव्हती! ही गोम अमेरिकी पक्षीअभ्यासक हॅरॉल्ड मेफील्ड यांनी १९६१ मध्येच दाखवून दिलीय. घरटी मोजायची नाहीत, घरटं नजरेखाली असलेले दिवस मोजायचे. सगळ्या घरट्यांचे मिळून माझे असे दिवस भरले ३००, त्यात १२ घरटी बुडाली. म्हणजे रोज तगण्याची शक्यता ९६ टक्के. ऐकायला छान वाटतं. पण पहिल्या अंड्यापासून पिल्लू उडेपर्यंत २६ दिवस धरा आणि ०.९६ ला स्वतःनेच २६ वेळा गुणा. उरतात ३५ टक्के.

घरटं शोधायची युक्ती पुस्तकात कमी, बसण्यात जास्त. चोचीत काडी किंवा अळी घेतलेली मादी दिसली की तिच्यामागे धावू नका. लांब बसा, ती दोनदा-तीनदा कुठे उतरते ते पाहा. सापडल्यावर घरट्यापाशी जाऊन त्याच पावली परत फिरू नका, तशीच पुढे वाट काढा. तिथे संपणारी पायवाट आणि वास म्हणजे शिकाऱ्याला दिलेलं आमंत्रणच.

घरट्यात तापमान नोंदवणारी बटणाएवढी चकती ठेवता येते. तिचा आलेख करवतीच्या दातांसारखा निघतो: मादी खायला उठली की रेघ खाली, बसली की वर. गारठ्याच्या दिवशी तिची कोंडी बघण्यासारखी असते, अंडी लवकर थंड होतात आणि भूकही जास्त लागते. एका रात्री माझ्या एका घरट्याची रेघ दोनच्या सुमाराला उतरायला लागली आणि बाहेरच्या तापमानाला जाऊन टेकली. सकाळी अंडी चारही जागच्या जागी होती. मादी नव्हती.

स्थलांतराचं काम निराळं. जिओलोकेटर, म्हणजे पक्षी कुठे कुठे गेला ते काढायचं छोटं यंत्र, पक्ष्याच्या पाठीवर बसतो, तोही त्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांच्या आत बसला तरच. तो फक्त उजेड नोंदवतो. दिवसाच्या लांबीवरून अक्षांश आणि मध्यान्हीच्या वेळेवरून रेखांश काढायचे. मार्च-सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखी झाली की अक्षांश काढता येत नाही, आणि बरेच पक्षी नेमके त्याच सुमाराला वाटेवर असतात. डोंगरात आणखी एक खोड: समोरची धार सूर्य उशिरा दाखवते आणि लवकर झाकते. उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात त्यामुळे पक्षी आहे त्याहून दक्षिणेला दिसतो. यंत्र आधी काही दिवस विणीच्याच जागी ठेवून ही चूक किती पडते ते मोजून ठेवा.

आणि ते परत मिळवायचं तर तोच पक्षी पुढच्या वर्षी पुन्हा जाळ्यात यावा लागतो. मी अठरा लावले, चार परत आले, त्यातल्या एकाची बॅटरी डिसेंबरातच संपलेली. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण उरलेल्या तिघांवर आहे, आणि त्यातली पहिली दोन पानं न आलेल्या चौदांबद्दल.