लोंगजिंगचा पहिला पेला

चीनच्या हिरव्या चहाची चव पहिल्यांदाच घेणाऱ्याने सुरुवात लोंगजिंगपासून करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. झेजियांग प्रांतात, हांगझोऊच्या पश्चिम सरोवराभोवतीच्या टेकड्यांवर पिकणाऱ्या या चहाची पाने परंपरेने तापलेल्या कढईत हाताने दाबून भाजली जातात. त्या उष्णतेने पानाला काळसर करणारी विकरे (एन्झाइम) निष्क्रिय होतात, त्यामुळे पान हिरवे राहते, आणि दाबामुळे ते चपटे होते. वाफवलेल्या जपानी चहापेक्षा त्याचा गंध वेगळा, भाजलेल्या चेस्टनटची आठवण देणारा असतो. ५ एप्रिलच्या सुमारास येणाऱ्या चिंगमिंग सणापूर्वी खुडलेला माल सर्वांत कोवळा आणि महाग असतो; पहिल्या वेळी त्याचा हट्ट नको, कारण त्यानंतरच्या पंधरवड्यातील पानांची चव अधिक ठसठशीत असते आणि नवख्याला ती सहज उमगते.

उभा काचेचा पेला गरम पाण्याने विसळून त्यात साधारण ३ ग्रॅम पाने टाकावीत आणि पेल्याच्या उबेने सुटणारा वास आधी घ्यावा. पाणी उकळून सुमारे ८० अंश सेल्सियसपर्यंत निवू द्यावे. येथे घाई केली की सारे बिघडते: उकळत्या पाण्यात पानांतील कॅटेचिन नावाची कडू-तुरट द्रव्ये झपाट्याने उतरतात, तर चवीला गोडसर भरीवपणा देणारी थिअनिनसारखी अमिनो आम्ले कमी तापमानालाही चांगली विरघळतात. पाने भिजतील इतकेच पाणी आधी घालून पेला हलकेच फिरवावा, पुन्हा वास घ्यावा, मग एकूण पाणी १५० ते २०० मिलिलिटर होईल इतके भरून दोन मिनिटे थांबावे. दूध, साखर, लिंबू यांपैकी काहीही घालू नये.

लहान घोट जिभेवर क्षणभर फिरवावा आणि गिळल्यावर श्वास नाकावाटे सोडावा. लगेच दुसरा घोट मात्र घेऊ नये, कारण या चहाची खरी परीक्षा गिळल्यानंतर होते: सुरुवातीचा किंचित तुरटपणा ओसरून घशाशी हळूहळू गोडवा परततो, आणि चीनमधील जाणकार चहाची प्रत जोखताना या परतणाऱ्या गोडव्याला फार महत्त्व देतात. एक तृतीयांश चहा उरला की त्यावरच पुन्हा पाणी ओतावे. तिसऱ्या वेळेपर्यंत चव फिकी, पण नितळ होत जाते. पहिलाच पेला कडू लागला, तर चहाला नावे ठेवण्याआधी पाणी ७५ अंशांवर आणून किंवा पाने थोडी कमी करून पाहावे.