नवा चष्मा, तिरकी फरशी

नवा चष्मा लावला आणि घरातली फरशी एका बाजूला कललेली दिसू लागली. जिना उतरताना कठडा धरावा लागे, संध्याकाळी कपाळ ठणकायचं. ‘सवय होईल’ म्हणत दोन आठवडे काढले. एवढा धीर धरायला नको होता. मग एकेक डोळा झाकून पाहिलं, तर घोळ फक्त उजव्या काचेत. दुसऱ्या दुकानात लेन्समीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून घेतलं. सिलिंडर (डोळ्याच्या असमान वक्रतेचा दोष घालवणारा नंबर) -०.७५ बरोबर, पण अ‍ॅक्सिस (तो नंबर काचेत कोणत्या कोनात बसवायचा ते) १७० अंशांऐवजी ७०! चिठ्ठीतला १ कुणीतरी गिळला होता. त्यामुळे दोष जाण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झालेला. डोळे बिघडले नव्हते, नुसते दमले होते. मूळ दुकानदाराने कुरकुरत काच बदलून दिली. दुसऱ्या दिवसापासून फरशी सपाट.