जुना रोलर कोस्टर उतरवायचाय? पुढचं आधी ठरवा

उतरवायचा कोस्टर एकच, पण उतरवायच्या तऱ्हा तीन. तो दुसरीकडे उभा राहणार असेल तर बोल्ट एकेक करून काढायचे आणि प्रत्येक तुकड्यावर नंबर घालायचा. भंगारात जाणार असेल तर गॅस कटर चालतो आणि काम लवकर उरकतं. त्याच जागेवर नवी राइड येणार असेल तर लोखंडापेक्षा जमिनीखालच्या काँक्रीटकडे जास्त बघावं लागतं. ‘आधी काढून तर टाकू, मग बघू’ म्हणणारा मालक क्रेनचं भाडं हमखास दोनदा भरतो.

पुढचं सगळं साधारण १२ मीटर उंच, ३०० मीटर रुळाच्या, साखळीने वर चढणाऱ्या लोखंडी कोस्टरला धरून लिहिलंय. मोटारी डब्यातच असलेली ड्रॅगन ट्रेन असेल तर साखळीचा भाग सोडून वाचा.

थकलाय की नुसता झिजलाय?

चाकांवरचं पॉलियुरेथेन (रबरासारखं प्लास्टिकचं आवरण) सोलणं, बेअरिंग वाजणं, साखळी लांबणं, ब्रेकचे लायनर संपणं ही नेहमीची झीज आहे, त्यापायी कोस्टर मोडीत काढायचं कारण नाही. खान्देशात चाकं तशीही लवकर जातात. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात तापलेलं पॉलियुरेथेन मऊ पडतं आणि आतल्या लोखंडी रिंगपासून सुटतं. चाकं बदलली की गाडी पुन्हा धावते.

भेगांचं तसं नाही. त्या शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: दरीच्या तळाचा रूळ, जिथे प्रवासी सीटमध्ये दाबला जातो; स्टेशनात शिरतानाचा ब्रेकचा पट्टा; रुळाला आडवे टाय जिथे वेल्ड केलेत त्या वेल्डची कड; खांबांच्या बेस प्लेट; आणि डब्यांचे धुरे. रंग केमिकल रिमूव्हरने काढा. ग्राइंडर मारला तर घासलेला धातू भेगेचं तोंड लिंपून टाकतो आणि तपासणी छान पास होते. मग डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट, म्हणजे भेगेत रंग मुरवून ती शोधणं: लाल डाय लावून १० ते १५ मिनिटं थांबा आणि कापडाने पुसा. क्लीनर कापडावर घ्या, थेट वेल्डवर फवारलात तर भेगेतला डायही धुऊन जातो. वर पांढरा डेव्हलपर मारला की भेग असेल तिथे लाल रेघ उमटते. हा डाय साधारण ५० अंशांच्या वर नीट काम देत नाही आणि उन्हाळ्यात दुपारी रूळ त्याच्या पुढे गेलेला असतो. म्हणून तपासणी सकाळी नऊच्या आत. औष्णिक केंद्रांत बॉयलरच्या पाइपांवर हेच काम चालतं. दीपनगरसारख्या ठिकाणी काम केलेला, लेव्हल-२ प्रमाणपत्र असलेला माणूस बोलवा. धुऱ्यांसाठी मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट जास्त भरवशाची.

एखादी भेग पहिल्यांदाच दिसली तर डिझायनरच्या सल्ल्याने दुरुस्ती होऊ शकते. वेल्ड केलेल्या जागी किंवा तिच्या शेजारी वर्षा-दोन वर्षांत पुन्हा भेग उघडली, तर धातू थकलाय. पुन्हा वेल्ड केलं की शेजारचा पट्टा उष्णतेने कडक होतो आणि पुढची भेग तिथून निघते. हा खेळ जिंकता येत नाही.

आपल्याकडचं आणखी एक दुखणं म्हणजे काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि उथळ पाया त्याबरोबर वरखाली होतो. पोळ्याच्या सुमारास एकदा आणि मे महिन्यात एकदा प्रत्येक खांबाची पातळी लेव्हलने मोजून वहीत लिहा. दोन्ही आकड्यांत दरवर्षी फरक पडत असेल तर दोष पायात आहे. रूळ बदलून तो जाणार नाही, नवी राइडही त्याच पायावर तशीच डुलेल.

शेवटची फेरी

कारण भेग असेल तर निरोप समारंभ करू नका. भेग दिसली त्याच संध्याकाळी कुलूप घाला आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा. निव्वळ वय, सुट्या भागांची टंचाई किंवा नवी राइड हे कारण असेल तर शेवटचा दिवस जरूर जाहीर करा, पण फेऱ्यांचा आकडा आधी बांधा आणि तेवढीच तिकिटं छापा. ‘अजून एकच’ म्हणत रात्री साडेदहापर्यंत चाललेल्या गाडीचा लॅप बार तपासायला (प्रवाशाच्या मांडीवरची दांडी) दमलेला ऑपरेटर वाकत नाही.

महिना कोणता?

दिवाळीच्या सुट्ट्या संपू द्या. नोव्हेंबर अखेरीस काळी जमीन क्रेनचं वजन पेलण्याइतकी वाळते. त्याआधी हायड्रा (चाकांवर फिरणारी छोटी क्रेन) आणली तर चाकं रुततात आणि भार उचललेली हायड्रा कलंडते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा उतरवायचा काळ. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेत पाळणेवाले अडकलेले असतात, त्यांच्यातले फिटर हवे असतील तर आधीच बोलून ठेवा. काहीही करून एप्रिलच्या मध्यापर्यंत शेवटचा खांब आडवा झाला पाहिजे. मे-जूनचं वादळ केळीच्या बागा झोपवतं. रूळ काढलेले, एकमेकांचा आधार गेलेले खांब त्याच्यापुढे उभे ठेवू नका.

पाना लावण्याआधी

गाडी स्टेशनात आणून उभी करा. मेन स्विच पाडून त्याला कुलूप घाला आणि किल्ली एकाच माणसाच्या खिशात ठेवा. मोटार चालवणाऱ्या ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये वीज उरते. किमान १० मिनिटं थांबून मीटरने शून्य बघा. ब्रेकच्या टाकीतली हवा सोडताना लक्षात ठेवा: बहुतेक ब्रेक स्प्रिंगने लागतात आणि हवेने सुटतात. हवा गेली की ते खटकन मिटतात, त्या वेळी बोटं आत नकोत. तांब्याची केबल त्याच दिवशी उतरवून कोठीत टाका, नाहीतर ती रात्रीतून दुसरं कोणीतरी उतरवतं.

मग साखळी. तिच्यापुढे सगळ्यात जास्त गाफील राहिलं जातं. चढावर पसरलेल्या साखळीचा जोड उघडला की वरचा भाग आपल्या वजनाने सुसाट खाली येतो. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना चेन ब्लॉकने (हाताने ओढायच्या साखळी-कप्पीने) साखळी पकडा, टेन्शनर ढिला करा, मगच पिन ठोका. खाली घ्यायची ती विंचने, हळूहळू. त्या वेळी चढाच्या रेषेत कोणी उभं राहू नये.

रूळ आणि खांब

उभारणीच्या उलट क्रमाने काढायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. खांबाचं ध्यानात राहत नाही. कोस्टरमध्ये खांब रुळाला धरतो तसा रूळही खांबाला धरतो. रुळाचा तुकडा निघाला की मागे राहिलेला खांब एकट्या बेस प्लेटवर उभा असतो. म्हणून एक तुकडा काढला की त्याचा मोकळा झालेला खांबही त्याच दिवशी उतरवा. जमत नसेल तर तीन बाजूंनी वायर रोपचे ताण द्या.

वजन अंदाजाने धरू नका. गोल पाइपसाठी सूत्र सोपं आहे: बाहेरचा व्यास वजा जाडी, गुणिले जाडी, गुणिले ०.०२४६६, मापं मिलिमीटरमध्ये, उत्तर मीटरला किलोत. १६८.३ मिमी व्यास आणि ६.३ मिमी जाडीचा पाइप मीटरला सुमारे २५ किलो. ६ मीटरच्या तुकड्यात असे दोन पाइप, म्हणजे ३०० किलो, वर टाय आणि फ्लँज. ४०० धरून चला. हे वजन १४ टनी हायड्राला हसण्यावारी वाटतं, पण १४ टन ही क्षमता बूम आत घेतलेली असतानाची. बूम लांबवून १२ मीटरवर पोचताना किती उरते ते केबिनमधल्या लोड चार्टवर वाचा आणि त्याच्या तीन-चतुर्थांशाच्या आत राहा.

सरळ तुकडा दोन स्लिंगवर निघतो. वळणाचा तुकडा बोल्ट सुटताक्षणी गर्रकन फिरतो, कारण त्याचा गुरुत्वमध्य पाइपवर नसून वळणाच्या आतल्या हवेत असतो. तिथे तीन स्लिंग लावा, तिसऱ्यात चेन ब्लॉक घाला, आणि बोल्ट ढिले करण्याआधी चेन ब्लॉक ओढून भार समतोल करा. स्लिंग नुसती ताठ हवी. क्रेनने जास्त ओढून ठेवलं तर शेवटचा बोल्ट निघताना तुकडा वर उसळतो.

बोल्ट सकाळी निघतात आणि दुपारी अडकतात, यात जादू नाही. लोखंड मीटरला, दर अंशाला ०.०१२ मिमी वाढतं. पहाटे १० अंशांवर असलेला ६ मीटरचा तुकडा उन्हात ५० अंशांवर गेला की जवळपास ३ मिमी लांबतो आणि बोल्टला कात्रीसारखा दाबतो. गंजलेल्या नटांवर आदल्या संध्याकाळी पेनिट्रेटिंग तेल सोडून ठेवा. १०.९ ग्रेडचे काढलेले बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत, दिसायला कोरे असले तरी. उंचीवरच्या प्रत्येक माणसाला पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन हुक हवेत: एक सोडताना दुसरा अडकवलेला.

गॅस कटर चालवायचा असेल तर आणखी दोन गोष्टी. दोन्ही तोंडं बंद असलेल्या पाइपात वर्षानुवर्षं पाणी झिरपून साठतं, आणि ज्वाळेने त्याची वाफ झाली की पाइप फुटतो. आधी खालच्या बाजूला ६ मिमीचं भोक पाडा, पाणी जाऊ द्या, मग कापा. आणि जुन्या लाल प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना १० सेंटिमीटर रंग खरवडा आणि वारा पाठीवर घेऊन उभे राहा, म्हणजे धूर तोंडावर येणार नाही. ड्रॅगनची तोंडं, डब्यांची आवरणं फायबरची असतात. ती जाळू नका आणि भंगारवाल्याच्या गळ्यातही मारू नका, तो रस्त्याकडेला टाकून जाईल.

भंगाराचा हिशेब

वर धरलेल्या कोस्टरमध्ये रुळाचे पाइप १५ टन, टाय साडेतीन टन, आणि सरासरी ६ मीटर उंचीचे, २१९ मिमी व्यासाचे, ८ मिमी जाडीचे ३० खांब साडेसात टन. एकूण २६ टन. हा आकडा हातात ठेवूनच सौदा करा. ‘अंदाजे १८ टन निघेल’ म्हणत ठोक भाव देणारा पहिला माणूस येतोच. किलोवर विका, रिकामा ट्रक आधी वजनकाट्यावर घ्या, आणि काटा तुमच्या पसंतीचा असू द्या. जालन्याच्या भट्ट्यांना लहान तुकडे हवे असतात, त्यामुळे कापून दिलेल्या मालाला भाव बरा येतो. कापायचा गॅस आणि मजुरी धरून कोणतं परवडतं ते बघा. जीएसटीचं बिल आणि ई-वे बिल तुमच्या नावाने व्हायला हवं.

बाद ठरलेले धुरे, लॅप बार, चाकांच्या बोगी अखंड विकू नका, मग भाव कितीही मिळो. गॅसने मधोमध कापा आणि फोटो काढून ठेवा. नाहीतर तोच धुरा रंग लावून पुढच्या चैत्रात कुठल्यातरी यात्रेच्या पाळण्यात फिरताना दिसेल. मोटार, गिअरबॉक्स, कंट्रोल पॅनल मात्र खुशाल विका.

जमिनीखाली

१.२ मीटर चौरस, दीड मीटर खोल असा एक पाया सुमारे सव्वापाच टनांचा भरतो. असे ३० म्हणजे १६० टन, लोखंडाच्या सहापट. म्हणून सगळे उपटायचा हट्ट नको. जागा बागेसाठी राहणार असेल तर फाउंडेशन बोल्ट कापा, वरचं ६० सेंटिमीटर काँक्रीट ब्रेकरने फोडा आणि खड्डा मुरमाने भरा: २० सेंटिमीटरचा थर, पाणी, धुमस, पुन्हा थर. काळ्या मातीने भरलात तर उन्हाळ्यात ती आकसते आणि पहिल्याच मोठ्या पावसात तिथे पाय जाईल असा खळगा पडतो.

नव्या राइडसाठी जुना पाया वापरायचा मोह होतो. जुन्या बोल्टांची जागा नव्या बेस प्लेटशी जुळणं दुर्मीळ, आणि जुळली तरी नव्या राइडचा ओढा वेगळ्या दिशेने असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय नाही.

मग तिथे काय?

अमेरिकेत न्यू जर्सीतला १३९ मीटर उंचीचा ‘किंगडा का’ हा कोस्टर २०२४ मध्ये बंद झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये स्फोटकांनी पाडला गेला. टेक्सासमधल्या ‘टेक्सास जायंट’ या कोस्टरचा जुना लाकडी सांगाडा ठेवून त्यावर लोखंडी रूळ बसवला आणि तो २०११ मध्ये पुन्हा धावू लागला. ही दुसरी वाट लहान पार्कलाही विचार करण्यासारखी आहे, पण खांब आणि पाया तपासणीत खणखणीत निघाले तरच.

वापरलेला कोस्टर स्वस्तात मिळतो तेव्हा मूळ मॅन्युअल, पायाचे नकाशे, मागच्या भेग-तपासण्यांचे रिपोर्ट आणि चाकांच्या पुरवठादाराचं नाव, या चार गोष्टी मागा. एकही नसेल तर तुम्ही दुसऱ्याचं भंगार वाहतुकीचा खर्च करून घरी आणताय. पाण्याच्या राइडचा विचार एप्रिल-मेमधल्या तुमच्या बोअरवेलकडे बघून करा. आमचं मत विचाराल तर त्या जागेवर गोल फिरणारी एखादी राइड आणि बाकीच्या पट्ट्यात सावली द्यावी: रांगेवर छप्पर, झाडं, अखाजीला बांधता येतील असे मोठे झोके. उन्हाळ्यात इथली गर्दी पाचनंतरच येते आणि तिला आधी सावलीच लागते.

जुना एक डबा फोटोसाठी दारात ठेवायचा तर चाकं वेल्ड करून टाका, लॅप बारची स्प्रिंग काढा म्हणजे पोरांची बोटं अडकणार नाहीत, फायबरच्या उघड्या कडांना जेलकोट मारा. आणि मूळचा काळा किंवा गडद लाल रंग ठेवू नका, मे महिन्यात त्यावर कोणाला बसवणार नाही.