घरातील जुनी कागदपत्रे आणि छायाचित्रे अभिलेखागाराकडे सोपवण्यापूर्वीची तयारी

वाडा पाडून तिथे इमारत उभी करायचे ठरले की भांडीकुंडी आणि लाकडी सामान आधी हलते, आणि माळ्यावरची कागदांची ट्रंक सगळ्यांत शेवटी, घाईघाईने खाली उतरते. कितीतरी घरांचे दप्तर याच घाईत रद्दीत गेले आहे. म्हणून घर रिकामे करण्याची तारीख ठरण्याच्या बरेच आधी, शक्यतो दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत, या कामाला हात घालावा. पावसाळ्यात दमट हवेने कागद मऊ पडतो, छायाचित्रे एकमेकांना चिकटतात आणि उघडलेल्या गाठोड्यात बुरशी धरते. त्यामुळे मृगापूर्वी काम पुरे होणार नसेल, तर ट्रंक न उघडता कोरड्या जागी जमिनीपासून उंचावर ठेवावी आणि पावसाळा संपण्याची वाट पाहावी.

कागद कोणाला द्यायचे हे प्रथम ठरवावे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. राजवाड्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. खानदेशातील घराण्याचे कागद धुळ्यात असणे आणि कोल्हापूर संस्थानात चाकरी केलेल्या घराण्याचे कागद कोल्हापुरात असणे योग्य, कारण त्यांचा अर्थ लावायला लागणारे शेजारचे कागद तिथेच असतात. स्त्रियांचे लेखन, रोजनिशा आणि छायाचित्रे यांसाठी १९८८ पासून काम करणारी मुंबईची स्पॅरो ही संस्था आहे. गोव्यातील घराण्यांनी पणजीच्या पुराभिलेख खात्याचा विचार करावा. त्याची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. संस्थेला आधी पत्र लिहावे, आणि त्यात घराण्याचे गाव, कागदांचा अंदाजे काळ, लिपी, गाठोड्यांची किंवा पेट्यांची संख्या आणि त्यांची अवस्था एवढे कळवावे. उत्तर येईपर्यंत काहीही पाठवू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि तिच्याबद्दल मी आग्रही आहे: कागद लावू नयेत. मोडी एका बाजूला, देवनागरी दुसऱ्या बाजूला, पत्रे वेगळी, हिशेब वेगळे अशी चळत लावण्याचा मोह सर्वांनाच होतो. पण एका फडक्यात बांधलेले कागद कोणीतरी काही कारणाने एकत्र बांधलेले असतात. जमिनीच्या खरेदीखतासोबत एखाद्या विधवा आत्याचे पत्र असेल, तर त्या व्यवहाराचा उलगडा बहुधा त्या पत्रातच असतो, आणि दोन्ही वेगळी झाली की दोन्ही मुकी होतात. पेशवे दप्तरातील कागद आजही रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले असतात आणि अभ्यासक रुमालाच्या क्रमांकाने ते मागवतात. तोच विचार घरच्या दप्तरालाही लागू करावा. प्रत्येक गाठोडे उघडण्यापूर्वी आहे तसे त्याचे छायाचित्र घ्यावे, ते कुठे सापडले (माळ्यावरची पत्र्याची ट्रंक, देवघरातील फडताळ, आजोबांच्या टेबलाचा खण) हे एका चिठ्ठीवर लिहावे आणि ती चिठ्ठी त्या गाठोड्यातच ठेवावी.

किरकोळ वाटते म्हणून काही टाकून देऊ नये. सनद किंवा इनामपत्र जपावे हे कोणालाही सांगावे लागत नाही. टाकले जातात ते वाण्याच्या उधारीचे कागद, लग्नाच्या याद्या, आहेराच्या वह्या, शाळेची प्रगतिपुस्तके आणि युद्धावर गेलेल्या मुलाची सेन्सॉरचा शिक्का बसलेली पत्रे. सामान्य माणूस काय खात होता, काय उसने घेत होता, मुलीच्या लग्नात किती कर्ज काढत होता हे सनदेतून कळत नाही, ते याच कागदांतून कळते. पाकिटे पत्रांपासून वेगळी करू नयेत आणि त्यांवरची तिकिटे कापू नयेत, कारण पत्रावर तारीख नसली की टपालाचा शिक्काच कामाला येतो.

हाताळणीबाबत थोडक्यात. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि टेबलावर स्वच्छ सुती कापड पसरावे. धूळ मऊ कोरड्या कुंचल्याने मधून कडेकडे झाडावी. काजळाच्या शाईने बोरूने लिहिलेले अक्षर वर्षानुवर्षे काळेभोर राहते, पण पाणी लागले की वाहू शकते. म्हणून ओले फडके कागदाजवळ आणू नये. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते पुढे सुरक्षितपणे काढता येत नाही. कागदांना ऊन दाखवण्याची जुनी पद्धत आहे. तिच्याऐवजी सावलीत, वारा खेळता असलेल्या खोलीत ते पसरावेत. सैल झालेल्या टाचण्या अलगद काढाव्यात, गंजून रुतलेल्या तशाच ठेवाव्यात. गुंडाळलेली जन्मपत्रिका उलगडत नसेल तर जोर करू नये. वाळवी किंवा कसर दिसली तर ते गाठोडे इतरांपासून दूर ठेवून संस्थेला तसे आधीच कळवावे.

छायाचित्रांना सर्वाधिक वेळ द्यावा, कारण कागद पुढे कोणीही वाचू शकेल, पण चेहरे ओळखणारी माणसे आजच हाताशी आहेत. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तींना सकाळच्या उजेडात बसवून एकेक छायाचित्र दाखवावे आणि त्यांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करावे. नावे लिहिताना डावीकडून उजवीकडे, ओळीने, पूर्ण नाव लिहावे. ‘आक्का’, ‘मोठ्या काकू’ किंवा ‘अण्णा’ एवढ्यावर थांबू नये. स्त्रियांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. लग्नात नाव बदलल्यामुळे माहेरच्या छायाचित्रातील यमुना आणि सासरच्या छायाचित्रातील लक्ष्मीबाई एकच आहेत हे आज न लिहिले, तर पन्नास वर्षांनी त्या दोन अनोळखी बायका होतील. म्हणून माहेरचे व सासरचे नाव, दोन्ही गावे आणि नाते अशी पूर्ण नोंद करावी. मागच्या ओळीत उभे असलेले गडी, स्वयंपाकीणबाई, शेजारी यांचीही नावे विचारावीत. ओळख पटत नसेल तिथे अंदाजाने नाव घालू नये, प्रश्नचिन्ह घालावे.

छायाचित्राच्या मागे पेनने लिहू नये; शाई पुढच्या बाजूला उमटते. माहिती आधी कागदी पाकिटावर पेन्सिलीने लिहावी आणि मग छायाचित्र आत सरकवावे. स्टुडिओचा शिक्का, गावाचे नाव, पुठ्ठ्याच्या कडेला पेन्सिलीने घातलेला आकडा यांची नोंद करावी. तो आकडा बहुधा निगेटिव्हचा असतो. भिंतीवरच्या चौकटीत काचेला चिकटलेले छायाचित्र ओढून काढू नये, चौकटीसकट द्यावे, आणि काचेवर कुंकवाचे बोट असेल तर तेही पुसू नये. काळ्या पानांचे अल्बम मोडू नयेत, कारण त्यांतील क्रम कोणीतरी विचार करून लावलेला असतो. चिकट पानांच्या अल्बममधून छायाचित्रे निघत नसतील तर अल्बमच द्यावा. निगेटिव्हना आंबट, व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर ती फिल्म विघटित होऊ लागली आहे असे समजून ती वेगळ्या पाकिटात ठेवावी.

यादी करताना प्रत्येक कागदाचे वर्णन करण्याची गरज नाही. गाठोड्यागणिक एक परिच्छेद पुरेसा आहे. तारीख कागदावर असेल तशीच उतरवावी आणि इसवी सन शेजारी कंसात लिहावा. शकात ७८ मिळवावेत, पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखांना बहुधा ७९. मृगापासून सुरू होणाऱ्या दख्खनी फसली (महसुली) सनात ५९० किंवा ५९१, आणि सुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदांवर अरबी संख्यानामांत लिहिलेले वर्ष) ५९९ किंवा ६०० मिळवावेत. घरासाठी प्रत ठेवायची असेल तर छायाचित्रे दोन्ही बाजूंनी, किमान ६०० डीपीआयने स्कॅन करावीत आणि फोनमधील रंग सुधारणारी सोय बंद ठेवावी.

देण्यापूर्वी काही कागद बाजूला काढावे लागतात. चालू वाद किंवा वारसनोंद ज्यावर अवलंबून आहे ते दस्तऐवज वकिलांना दाखवल्याशिवाय देऊ नयेत. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे लागतात. म्हणून शाळा सोडल्याचे जुने दाखले व जन्मनोंदीचे उतारे घरी ठेवून संस्थेला त्यांच्या प्रती द्याव्यात. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून मोडी कागदांना आलेले महत्त्व सर्वांनी पाहिलेच आहे. परदेशी स्थायिक झालेल्या भावंडांनी वाटणीत मूळ कागद नेण्याचा विचार करू नये. ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचा, ७५ वर्षे वा अधिक जुना दस्तऐवज १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतो आणि खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर नेता येत नाही.

दानपत्रावर सर्व वारसांची संमती घ्यावी. आजारपण, घटस्फोट, भाऊबंदकी यांची पत्रे असतील, तर ती जाळून टाकण्यापेक्षा ठरावीक वर्षे अभ्यासकांना खुली करू नयेत अशी अट दानपत्रात घालावी. पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा असला, तरी मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्यानंतर त्याच्या वारसांकडे राहतो. प्रकाशनाची परवानगी देताना हा फरक दानपत्रात स्पष्ट करावा.

बांधणीसाठी धुतलेले, खळ नसलेले सुती कापड आणि मजबूत खोकी वापरावीत, एका माणसाला उचलता येईल इतकेच वजन भरावे आणि खोकी कुरियरने न पाठवता स्वतः न्यावीत. यादीच्या दोन प्रती न्याव्यात, संस्थेच्या सही-शिक्क्याची पोच त्याच वेळी घ्यावी, आणि नंतर मिळणारा दाखल क्रमांक घरातील तरुण पिढीपैकी किमान दोघांकडे लिहून ठेवावा.